रशियाशी देवघेव



आजच्या विषयाचा आरंभ मी एका घोड्यापासून करणार आहे. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. विकायला त्याच्याजवळ एक घोडा होता. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली तेव्हा कुठे तो परत मिळाला. पुढे बिदरला घोडा विकला गेला. पण निकितीनची खरी तक्रार खानाविषयी नव्हतीच. हिंदुस्थानात आपल्या मुलखास नेण्याजोगा माल विपुल आहे, असे त्याला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात मिरी आणि रंग तेवढे स्वस्त. वाटेवरच्या जकाती जबर आणि समुद्रात चाच्यांचे भय! येथून न्यावे काय, हा त्याचा प्रश्न सुटला नाही. बिचारा घरी पोचण्यापूर्वीच वाटेत वारला.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९६२ साली मिग-२१ विमाने परवान्यावर येथे बांधण्याचा करार सोव्हिएट सरकारशी झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली आणि १९६४ पासून हा माळ बदलला. गावातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली, हे मी तुम्हांला सांगायला नको. मला सांगायचे आहे ते त्या विमानाच्या पैशाविषयी.

त्या काळी आपल्याजवळ डॉलर-पौंडाची चणचण. १९५३ च्या व्यापारी करारापासून सोव्हिएट रशियाशी रुपयांत व्यवहार करण्याची सोय झाली होती. आपण यंत्र घेतले की त्याची किंमत येथल्याच बँकेत त्यांच्या खात्यावर रुपयांत जमा व्हावयाची. ते रुपये बाहेर कुठे चालत नसत. म्हणून त्यांतून त्यांना आपलाच चहा, कातडे, ताग, तंबाखू, काजू घ्यावे लागे. आपल्या वाण्याच्या वहीसारखाच हा प्रकार: तुमच्या नावे जमा आहे, पण माल माझ्याच दुकानातला न्यायचा. आसामच्या मळ्यातला चहा आणि ओझरचे विमान एका वहीत बसले ते असे. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली. रुबलाचा भाव कोणी ठरवायचा, यावर तर वर्षानुवर्षे वाद चालला. तरीही मला ती पद्धत शहाणपणाची वाटते, कारण विकणाऱ्याला विकत घेणेही भाग पडत होते.

१९९१ साली सोव्हिएट संघ मोडला आणि ती वहीही मिटली. मिगच्या सुट्या भागांसाठी धावाधाव झाली. इकडे त्या एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या चहावाल्यांचे व होजिअरीवाल्यांचे हाल झाले. जुने कर्ज आपण रुपयांत फेडत राहिलो आणि रशिया त्यातून आपला माल उचलत राहिला. २००० साली १४० सुखोई विमानांचा करार झाला आणि ओझरला पुन्हा काम मिळाले.

खरी गंमत पुढेच आहे. २०२२ नंतर आपण रशियाचे तेल अफाट घेऊ लागलो. २०२४-२५ साली दोन्ही देशांचा व्यापार सुमारे ६,८७० कोटी डॉलरचा झाला. त्यात आपण विकलेला माल ४९० कोटींच्या आसपास! मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात आले असता म्हणाले की, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येत नाहीत. चौलपासून गोवा फार दूर नाही. साडेपाचशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या रशियन माणसाने तीच तक्रार केली!

मग न्यावे काय? औषधे आपण पाठवतोच. पण आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षे? तीही रशियाला जातात, परंतु आपला ओढा युरोपकडे, मुख्यतः हॉलंडकडे. २०१० साली एका औषधाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली तेव्हा एकाच बाजारावर विसंबण्याची किंमत आपण मोजली. त्यानंतर बागायतदार तपासणीला सरावले, हे खरे. आता अडचण वाटेची आहे. २०२३ अखेर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. निकितीनचे चाचे काही संपलेले नाहीत. इराणमार्गे रशियाला जाणाऱ्या जवळच्या वाटेचा करार २००० सालचा. पण त्या वाटेवर बोटीतून रेल्वेत आणि पुन्हा बोटीत अशी पेटी हलवावी लागते, आणि द्राक्षाला सगळा वेळ शून्य अंशाच्या आसपास थंडावा हवा. तो मध्येच तुटला तर दूर पोचेल तो बेदाणाही नव्हे आणि द्राक्षही नव्हे.

या वाटेने एक पेटी पाठवली तर भाडे, विमा आणि नासाडी धरून काय उरेल, हा हिशेब पुढच्या रांगेत बसलेल्या बागायतदार मंडळींना माझ्याहून चांगला येतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी तो मांडावा. मी ऐकायला बसतो.