रस्ते सुरक्षेसाठी माहितीचे कोठार : नियोजनातील काही प्रश्न



रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. परीक्षेसाठी हे आकडे आपण पाठ करालच. मला आज बोलावयाचे आहे ते या आकड्यांमागील नोंदींविषयी.

अपघाताची पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते. वाहनाचा तपशील ‘वाहन’ प्रणालीत, चालकाचा परवाना ‘सारथी’ प्रणालीत, जखमीची अवस्था रुग्णालयाच्या कागदांत, तर वळणाचा व दुभाजकाचा तपशील रस्ता बांधणाऱ्या खात्याकडे असतो. एकाच घटनेचे हे तुकडे समान ओळखक्रमांकाने जोडून विश्लेषणासाठी वर्षानुवर्षे जपून ठेवणारे कोठार म्हणजे डेटा वेअरहाऊस. दैनंदिन व्यवहाराच्या डेटाबेसहून ते भिन्न असते. वाहन विकले गेले की परिवहन कार्यालयाचे काम नव्या मालकाच्या नोंदीने भागते; अभ्यासकाला मात्र अपघाताच्या दिवशीची स्थिती हवी असते.

अशा कोठाराचे नियोजन संगणक खरेदीपासून सुरू करण्याची आपल्याकडे सवय आहे. वस्तुतः ते व्याख्येपासून सुरू व्हावयास हवे. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत मृत्यू आल्यास तो अपघाती मृत्यू मानावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे व आपणही तो स्वीकारला आहे. परंतु जखमीला तालुक्याहून महानगरात हलविले आणि विसाव्या दिवशी तो दगावला, तर ती खबर मूळ पोलीस ठाण्याच्या नोंदीपर्यंत पोहोचेलच असे नाही. २०१६ साठी शासकीय आकडा १,५०,७८५ मृत्यूंचा होता. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज २,९९,०९१ होता. हा अंदाज सांख्यिकी प्रतिमानावर आधारलेला असल्याने त्याविषयी मतभेद संभवतात. २०२१ साठी हे आकडे अनुक्रमे १,५३,९७२ आणि २,१६,६१८ असे होते. अंतर घटले, पण मिटलेले नाही.

याहून अवघड प्रश्न कारणाच्या रकान्याचा आहे. २०२२ मधील ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे अहवाल सांगतो. अपघाताच्या क्षणीचा वेग सहसा कोणी मोजलेला नसतो. तपास अधिकाऱ्यापुढील प्रश्न कसूर कोणाची हा असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच आहे. रस्ते अभियंत्याचे प्रश्न निराळे असतात : दिवे होते काय, पुढील रस्ता किती अंतरापर्यंत दिसत होता, पादचाऱ्याला ओलांडण्यास जागा होती काय? ही निरीक्षणे नोंदविलीच नाहीत, तर कोठार कितीही विशाल असले तरी त्यातून ‘चालक दोषी’ एवढेच उत्तर निघेल. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आणि तीवरून काढलेला निष्कर्ष यांचे रकाने पृथक असावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या दिशेने प्रयत्न झाले आहेत. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेली व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने राबविलेली एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणाली २०२१ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रथम सुरू झाली. पुढे ‘ई-डार’च्या रूपाने तिचा विस्तार झाला. पोलीस मोबाइलवरून नोंद करतात आणि तीत स्थानाचे अक्षांश-रेखांशही येतात. हे महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत प्राणांतिक वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात अथवा दहा मृत्यू झाल्यास तो टप्पा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. ‘अमुक गावाजवळ’ अशा नोंदीवरून हा निकष लावणे अशक्य आहे.

विमा दाव्यासाठी जखमीचे नाव लागते, संशोधनासाठी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा भेद आराखड्यातच असावयास हवा.

२०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित झाली. तिच्यासाठी ‘ई-डार’ राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या प्रणालीशी जोडण्यात आले आहे. देयक नोंदीशी बांधले गेल्याने रुग्णालयांना वेळेवर माहिती भरण्याचे आता कारण मिळाले आहे. मात्र आठव्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत रुग्णाची खबर कोणी, कोणाला कळवावी, हे प्रत्येक जिल्ह्यात नेमून द्यावे लागेल.