पाणी आधी, खोली मागून



ऊन पाण्याचे झरे आपणांस अपरिचित नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहणारी पैनगंगा पुढे किनवट तालुक्यात उनकेश्वरापाशी जाते. तेथील ऊन पाण्याच्या कुंडांत त्वचेची दुखणी घेऊन माणसे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. मुक्कामाचा विचार मात्र आपण एका वाक्यात उरकतो. देऊळ जवळ असावे आणि पथारीपुरती जागा मिळावी, एवढेच. जपानात लोक हाच विचार किती बारकाईने करतात, ते आज पाहू. आपली मुले नोकरीनिमित्त तिकडे जातात आणि मागून आईवडीलही जातात. तेव्हा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

तिकडील जुन्या वळणाच्या पांथनिवासास ‘र्‍योकान’ म्हणतात. जमिनीवर तातामीच्या चटया, रात्री त्यांवरच गादी. भाडे बहुधा माणशी असते आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण येते. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या माणसास हे घरच्यासारखे वाटेल. गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांनी मात्र खुर्ची-पलंगाची सोय आधी विचारावी. शाकाहाऱ्याने तर त्याहूनही आधी विचारावे. भाजी दिसते भाजीच, पण तिचा रस पुष्कळदा सुक्या माशाचा असतो!

पण हे सारे मागाहूनचे. खरा प्रश्न पाण्याचा. १९४८च्या जपानी कायद्याप्रमाणे उगमापाशी पाणी २५ अंश सेल्सिअस असले, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एक जरी त्यात पुरेशा प्रमाणात असले, तरी ते ‘ओन्सेन’ ठरते. म्हणजे कोमट पाणी तापवून, तेच तेच गाळून फिरवले, तरी पाटी ओन्सेनचीच! २००४ साली नागानो प्रांतातील शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी नावाजलेल्या गावी काही ठिकाणी पाण्यात रंगाची पूड मिसळली जात असल्याचे उघड झाले आणि देशभर गहजब उडाला. २००५पासून पाणी मिसळले काय, तापवले काय, फिरवले काय, औषध घातले काय, हे भिंतीवर लिहिणे बंधनकारक झाले. पुढे दर दहा वर्षांनी पृथक्करणही सक्तीचे झाले. म्हणून जाणता प्रवासी खोलीचे चित्र पाहण्याआधी ती पाटी वाचतो.

यालाही अपवाद आहे. किनोसाकी गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. पाहुणे यजमानाने दिलेला सुती झगा लेवून, लाकडी खडावा वाजवीत एकीतून दुसरीत जातात. तेथे निवास निवडताना जेवण, जिने आणि चालण्याचे अंतर पाहिले की पुरे.

आता आपल्याकडे वळू. वज्रेश्वरी असो, गणेशपुरी असो की उनकेश्वर, आपण तेथे श्रद्धेने जातो आणि जावेच. पण जखम घेऊन एक माणूस कुंडात उतरतो, त्याच्यामागून दुसऱ्याचे तान्हे मूल उतरते. कुंड कधी उपसले, पाणी वाहते आहे की साचलेले, बायकांना आडोसा आहे काय, अंग आधी बाहेर धुण्याची सोय आहे काय, हे विचारणे म्हणजे तीर्थाचा अपमान नव्हे. जपानी माणूस अंग स्वच्छ धुतल्यावाचून कुंडाला पाय लावीत नाही. त्यात पाण्याचा मान आहे आणि मागून येणाऱ्याची काळजीही आहे. पुढल्या खेपेस उनकेश्वरास जाल, तेव्हा पथारी टाकण्यापूर्वी आपण कुंडाची चौकशी करावी, एवढीच आमची विनंती आहे.