कैरी कां गळते ?

(शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत एका खेडेगांवच्या शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



मोहोरानें लवलेलें आंब्याचें झाड पाहून घरधनी बोटें मोजूं लागतो : इतक्या पेट्या, इतके रुपये, इतकें कर्ज फिटेल. पुढें झाडाखालीं वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा पडतो. मग कोणी म्हणतो नजर लागली, कोणी लिंबू-मिरची बांधतो, कोणी उधारीवर महागडी बाटली आणतो. खरें कारण झाडाच्याच अंगांत आहे, आणि तें समजण्यास मोठी विद्या लागत नाहीं.

कैरीच्या पोटांतली कोवळी कोय एक रस तयार करते. शास्त्रांत त्याला ऑक्सिन म्हणतात. हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यानें 1928 सालीं ओट धान्याच्या कोंबांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध करून या रसाचें काम दाखविलें. हा रस कोयींतून देठावाटे फांदीकडे वाहत असतो. तो वाहतो तोंवर देठाचा सांधा घट्ट. कोय खुरटली कीं रस आटतो, आणि मग एका वायूचें राज्य सुरू होतें. त्याचें नांव इथिलीन. तो तुम्हांला परका नाहीं. आढींतले आंबे पिकवितो तोच हा. त्याच्या जोरानें सांध्यांत पाचक द्रव्यें सुटतात आणि पेशींना जोडणारा चिकटा विरघळतो. दगडांमधला चुना विरघळला तर भिंत उभी राहील काय ? वारा नुसता निमित्त होतो.

कोय खुरटते कां ? फुलाला पराग पोंचला नाहीं, पाण्याचा ताण पडला, अन्न अपुरें पडलें, तुडतुड्यांनीं किंवा भुरीनें मोहोर खाल्ला, तर. शिवाय एका तुऱ्यावर शेंकडों फुलें; सर्वांना पोसणें कोणत्याही झाडास शक्य नाहीं. फळ धरूं शकणाऱ्या शंभर फुलांमागें एक आंबाही बहुधा हातीं लागत नाहीं. ही गळ रोग नव्हे, ती झाडाची काटकसर आहे. आपल्या हातीं आहे ती वरची गळ थांबविणें.

त्यासाठीं काय करावें ? मोहोर ऐन फुललेला असतां कीटकनाशक फवारूं नका. पराग वाहणाऱ्या माशा व मधमाशा त्यानें मरतात. कैरी वाटाण्याएवढी झाली कीं पाणी द्या, आळ्यांत पालापाचोळा पसरा. औषधच मारावयाचें तर नॅफ्थॅलीन ॲसेटिक आम्ल हें ऑक्सिनाच्याच जातीचें आहे. 100 लिटर पाण्यांत शुद्ध औषध 2 ग्रॅम पडेल असा हिशेब करा. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते. कैरी वाटाण्याएवढी असतां एकदां आणि गोटीएवढी झाल्यावर एकदां फवारा. अधिक घालूं नका. सफरचंदाच्या बागांत हेंच औषध मुद्दाम फळें पाडण्यासाठीं वापरतात. आणि तहानलेल्या झाडाला बाटली पाणी पाजीत नाहीं.

शेवटीं, मोहोरावरच बाग विकणाऱ्या बांधवांनो, व्यापारी ही गळ हिशेबांत धरूनच भाव बोलतो. गळ कमी झाली तर नफा त्याचा. शक्य असेल तर थांबा. कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्यावर घरांतल्या शाळकरी मुलामुलींना झाडागणिक मोजदाद करून वहींत मांडावयास सांगा, आणि ती वही हातीं घेऊन सौद्यास बसा.