आधी स्वतः बसा
(लोणी देवकर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय ‘ताणतणाव आणि ध्यान’ असा छापलाय. तो संयोजकांनी ठरवला आणि मी हो म्हटलं, कारण हो म्हटल्याशिवाय माइक हातात येत नाही. मला खरं बोलायचंय ते ध्यान करणाऱ्यांबद्दल कमी आणि करायला लावणाऱ्यांबद्दल जास्त. मी मानसतज्ज्ञ आहे. बारामतीत पेशंट बघते आणि नव्या समुपदेशकांना शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी वेळ कमी पडला तरी बिघडायला नको. ज्या थेरपिस्टने स्वतः रोज बसून स्वतःचं मन पाहिलेलं नाही, त्याने पेशंटला डोळे मिटायला सांगू नये. त्याने बोलावं, ऐकावं, डॉक्टर असेल तर औषध द्यावं. ध्यान तेवढं देऊ नये.

ध्यान म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. तुकोबांची पालखी ज्या तालुक्यातून जाते, जिथे बेलवाडीचं रिंगण होतं, तिथे मी ते काय सांगणार? लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं आहे आणि इगतपुरीचं विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. तुमच्यापैकी काही जण तिथे दहा दिवस मौनात राहून आले असतील. ते दहा दिवस घरच्यांना फार शांततेत गेले, असंही ऐकते. (हशा)

दवाखान्यात ध्यान शिरलं ते १९७९ मध्ये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी एक वर्ग सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. ज्यांचं दुखणं औषधांनी पुरतं जात नव्हतं, असे पेशंट त्यांच्याकडे यायचे. आठवड्यातून एकदा वर्ग आणि रोज घरी सराव. पहिल्या दिवशी हातावर बेदाणा ठेवायचा आणि तो जन्मात प्रथमच पाहतोय असा बघायचा, हुंगायचा, मग सावकाश चावायचा. पुढे बॉडी स्कॅन, म्हणजे आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं. या बॉडी स्कॅनचं मूळ ब्रह्मदेशातल्या ऊ बा खिन यांच्या परंपरेत आहे, आणि इगतपुरीचीही परंपरा तीच.

ब्रह्मदेशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. छोटीच आहे.

ऊ बा खिन हे काही मठातले भिक्षू नव्हते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावरचे ते पहिले महालेखापाल, म्हणजे अकाउंटंट जनरल. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना ते ध्यान शिकवायचे. आपल्याकडे ऑडिटर आला की श्वासाकडे लक्ष द्यायला सांगावं लागत नाही, तो आपोआप अडकतो. (मोठा हशा) सोसायटीचे सचिव फारच मनापासून हसताहेत, त्यांना अनुभव दिसतो. तर १९५५ साली या महालेखापालांकडे एक तरुण व्यापारी आला. मंडालेत जन्मलेला, पैसाअडका भरपूर, समाजात नाव. त्याला जबरदस्त अर्धशिशी होती. झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे आणि आता त्या मॉर्फिनचीच भीती वाटू लागली होती. नाव सत्यनारायण गोएंका. हेच पुढे १९६९ मध्ये भारतात आले आणि इगतपुरीचं केंद्र त्यांनीच उभं केलं.

आता विचार करा. असा बडा माणूस दारात आलाय, त्याचं डोकं बरं केलं तर गावभर नाव होईल. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, या शेठ, बसा, आठवड्यात मोकळं करतो. ऊ बा खिन यांनी त्याला नाही म्हटलं. डोकेदुखीपुरतं यायचं असेल तर येऊ नका. हे मन स्वच्छ करण्यासाठी आहे. ते करायला आलात आणि त्यात दुखणं गेलं, तर ते वरचं. गोएंका हे स्वतः आपल्या प्रवचनांतून सांगत असत. आजही विपश्यनेच्या दहा दिवसांच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि हा आजारावरचा इलाज नाही, असं स्पष्ट बजावतात.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. (हशा) येते मुद्द्यावर. कोणाला कशासाठी आत घ्यायचं आणि कोणाला थांबवायचं, हे काम महालेखापालांनी दारातच केलं. दवाखान्यात पेशंट दुखण्यासाठीच येतो, तिथे असं दार लावता येत नाही. म्हणून ती पारख थेरपिस्टला असावी लागते. या गावावरून सोलापूर हायवे जातो. ज्याने अपघात डोळ्यांनी पाहिलाय, त्याला पहिल्याच दिवशी अर्धा तास डोळे मिटून शरीरावर लक्ष ठेवायला लावलं, तर ते सगळं अंगावर धावून येऊ शकतं. ज्याला भास होताहेत त्याला एकांत आणि मौन देणं धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवायचे, तळपाय जमिनीला टेकवायचे, सराव दोन मिनिटांवर आणायचा किंवा सरळ थांबवायचा. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे. पण समोरच्याचा श्वास बदललाय हे नेमकं कसं ओळखायचं, ते पुस्तकातून येत नाही.

आता तीन संशोधकांची हकीकत. टोरांटोचे झिंडेल सीगल, वेल्समधले मार्क विल्यम्स, केंब्रिजचे जॉन टीसडेल. तिघेही नैराश्यावरच्या विचार-उपचाराचे, म्हणजे कॉग्निटिव्ह थेरपीचे, नावाजलेले जाणकार. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की नैराश्य एकदा बरं होतं, पण पुन्हा येतं, आणि जितक्या वेळा येतं तितकं पुढच्या वेळी सहज येतं. ते रोखायचं कसं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते कबाट-झिन यांचा वर्ग पाहायला गेले. बेत असा की यातलं हवं तेवढं तंत्र उचलायचं आणि आपल्या उपचारात बसवायचं. त्यासाठी स्वतः रोज बसायलाच हवं, असा काही विचार नव्हता. तिथल्या शिक्षकांचा आग्रह होता की शिकवणाऱ्याचा स्वतःचा सराव हवाच. या तिघांनी तो तेव्हा फारसा मनावर घेतला नाही.

परत येऊन त्यांनी कॅसेट लावून वर्ग सुरू केले. शांत पेशंट होते तोवर ठीक चाललं. एखादा रडायला लागला, चिडला, ‘हे जमत नाही’ म्हणाला, की यांचा जुना हात पुढे यायचा. प्रश्न सोडवायचा, दुरुस्ती करायची. दुसऱ्यांदा अमेरिकेत गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तिथले शिक्षक तसं करतच नाहीत. ते त्या दुःखाला वर्गात जागा देतात, पेशंटसोबत त्याच्याकडे बघतात. हे कशातून येतं, तर रोजच्या बसण्यातून. मग त्यांनीही रोजचं बसणं मनावर घेतलं. त्यातून जो उपचार तयार झाला त्याची पहिली मोठी चाचणी २००० मध्ये छापून आली. १४५ पेशंट होते. ज्यांना नैराश्य तीन किंवा अधिक वेळा येऊन गेलं होतं, त्यांच्यात नेहमीच्या उपचारावर ६६ टक्क्यांना ते साठ आठवड्यांत पुन्हा आलं, आणि हा वर्ग केलेल्यांत ३७ टक्क्यांना. दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. आणि कोणी घरी जाऊन गोळ्या बंद करू नका. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत ४२४ लोक दोन वर्षं पाहिले. वर्ग करून हळूहळू गोळ्या कमी केलेल्यांत आजार ४४ टक्क्यांना उलटला, गोळ्या चालू ठेवलेल्यांत ४७. म्हणजे जवळजवळ सारखंच. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

शिकवताना हे कसं दिसतं ते सांगते. आम्ही रोल-प्ले करतो. एक शिकाऊ समुपदेशक, दुसरा पेशंट होतो. पेशंट म्हणतो, “मॅडम, डोळे मिटले की उसाचं बिलच दिसतंय.” शिकाऊ मुलगी म्हणते, “काका, विचार बाजूला ठेवा, श्वासावर लक्ष द्या.” काका म्हणतात, “ठेवतो की बाजूला, पण ते पुन्हा येतंय.” ती म्हणते, “प्रयत्न करा, जमेल.” आता काकांकडे दोन ओझी झाली. एक उसाच्या बिलाचं आणि दुसरं ध्यान न जमल्याचं.

तोच प्रसंग दुसऱ्यांदा. “डोळे मिटले की बिलच दिसतंय.” ती म्हणते, “बिल दिसलं तेव्हा अंगात कुठे काय झालं?” काका थांबतात. “छातीत. इथं. दगड ठेवल्यागत.” “आत्ता आहे?” “आहे. जरा कमी.” “तो आला तेव्हा मनात काय चाललं होतं?” “की आता बँकेचं काय करायचं, लेकीचं काय करायचं.” “म्हणजे बिलाच्या मागून बँक आली, बँकेच्या मागून लेक आली.” काका हसतात. “होय. रांगच लागती.” बस, एवढंच. बिल काही मिळालं नाही. पण विचारांची रांग कशी लागते ते काकांना दिसलं, आणि नैराश्याच्या माणसाला नेमकं तेच दिसावं लागतं. पहिली मुलगी मूर्ख नव्हती. तिला काकांची अस्वस्थता सहन झाली नाही, म्हणून तिने घाईने झाकण लावलं. स्वतःच्या अस्वस्थतेशेजारी जो कधी बसलेला नाही, तो दुसऱ्याच्या अस्वस्थतेवर झाकण ठेवणारच.

(श्रोत्यांतून प्रश्न : “मॅडम, मग हार्टच्या डॉक्टरला आधी स्वतःला अ‍ॅटॅक यायला पाहिजे का?” प्रचंड हशा, टाळ्या.)

टाळ्या माझ्यासाठी नाहीत, कळलं मला. (हशा) प्रश्न बिनतोड आहे. पण काका, थेरपिस्टला नैराश्य येऊन गेलेलं असावं, असं मी म्हणतच नाहीये. सर्जनच्या हातात सुरी असते, तिची धार त्याला तपासता येते. आमच्या हातात फक्त आमचं लक्ष असतं. ते तपासायला बसण्याशिवाय दुसरी सोय नाही. पुरावा हवा असेल तर २००७ मधला एक जर्मन अभ्यास आहे. अठरा शिकाऊ थेरपिस्ट. काही जण रोज सकाळी झेन ध्यानाला बसायचे, काही नाही. १२४ पेशंटांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बसणाऱ्यांचे पेशंट जास्त सुधारले.

(प्रश्न : “ब्रिटनमध्ये शाळांतला ध्यानाचा प्रयोग फसला म्हणतात, ते खरं का?”)

गुरुजी वाचून आलेत. खरं आहे. २०२२ साली निष्कर्ष आले. ८५ शाळा, आठ हजारांवर मुलं, आणि माझ्या सोयीचं नसलेलं म्हणजे शिक्षकांना आधी स्वतः ध्यान शिकवलं होतं. तरी मुलांच्या मनःस्थितीत नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फरक पडला नाही. शिक्षकांचा शीण मात्र काही काळ कमी झाला. म्हणजे मुलांना नाही, गुरुजींना फायदा झाला. (हशा) त्या मुलांतली बहुतेक आजारी नव्हती आणि त्यांनी वर्ग स्वतःहून मागितलाही नव्हता. पण मी पळवाट काढत नाही. नुसतं स्वतः बसल्याने भागत नाही, हे मान्य. बसल्याशिवाय सुरुवातच होत नाही, हे माझं म्हणणं तरीही उभं राहतं. आपल्या राज्यात ‘मित्र उपक्रमा’त शाळांतून रोज आनापान, म्हणजे श्वास पाहण्याचा सराव, होतो. त्यातही शिक्षकांनी विपश्यनेचे दहा दिवस करून यावेत, ही अपेक्षा आहे. ती शहाणपणाची आहे. रेकॉर्डिंग लावून गुरुजी पोषण आहाराचं रजिस्टर भरायला बसले, तर पोरं श्वासाकडे बघत नाहीत, गुरुजींकडे बघतात.

चिठ्ठी आलीय. “साडेनऊला थ्री फेज येणार, आवरतं घ्यावं.” (हशा) आज शेतीच्या विजेची रात्रीची पाळी आहे वाटतं. मग भराभर सांगते.

मला लोक विचारतात, दोन दिवसांत सर्टिफिकेट मिळेल का? ब्रिटनमध्ये यासाठी निदान वर्षभराचं शिक्षण धरतात. आधी स्वतः आठ आठवड्यांचा वर्ग पेशंटसारखा करायचा, मग दुसऱ्याच्या वर्गात बसायचं, मग कोणाच्या तरी नजरेखाली शिकवायचं. आजारी माणसांना शिकवायचं तर उपचाराचं मूळ शिक्षण वेगळं हवंच. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बघायला लाजू नका.

कोणी म्हणेल, दर लाख माणसांमागे जिथे एक मानसोपचारतज्ज्ञ नाही तिथे एवढे लाड कशाला? गोव्यात बघा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या लोकांनी मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचा नैराश्याचा उपचार दिला. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नुसत्या नेहमीच्या उपचारावर ३९ टक्के. त्यात ध्यान नव्हतं. माणसाला पुन्हा रोजच्या कामांत आणणं, एवढाच गाभा. पण ते समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचे. म्हणजे थोड्या शिक्षणात काम होतं, पण कोणाच्याच नजरेखाली नसलेल्या माणसाकडून होत नाही. आपल्या आशाताई हे करू शकतील. ध्यान शिकवायला मात्र त्यांना लगेच लावू नका. आधी त्यांना स्वतःसाठी बसू द्या, तेही पगारी वेळेत. (टाळ्या) या टाळ्या आशाताईंच्या रांगेतून आल्या, नोंद घ्या.

शेवटचं. उद्या इंदापूर, बारामती, भिगवण कुठेही कोणी माइंडफुलनेसची, म्हणजे अशा ध्यानवर्गाची, पाटी लावली, तर आत जाऊन तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः रोज बसता का? तुमचं काम कोण तपासतं? आणि हे मला मानवलं नाही तर तुम्ही काय कराल? तिसऱ्या प्रश्नाला जो “मानवतंच सगळ्यांना” म्हणेल, त्याच्याकडून उठून या. मन फारच खाली गेलं असेल तर पाटी शोधत फिरू नका. टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

झोप लागत नाही म्हणून विचारायला आलेले तिघे-चौघे मघापासून दाराशी उभे आहेत. ज्यांना मोटार चालू करायला जायचंय त्यांनी जावं, मी यांच्यासाठी थांबते. (टाळ्या)