खो देण्याची विद्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



‘खेळाने मला काय शिकविले’ या विषयावर मी बोलावे, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला. मी कोणी नामांकित खेळाडू नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि बदल्यांच्या निमित्ताने चार प्रांतांचे पाणी प्यालेला एक सामान्य अधिकारी आहे. मात्र सांगली जिल्ह्यातील एका शाळेत असताना मी पाच वर्षे खो-खो खेळलो, आणि जे काही थोडे शहाणपण पदरी पडले, त्यातील बरेचसे त्या मैदानावरचे आहे.

खो-खो आपल्या मातीतला खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला नियमांची शिस्त लावली. पुढे तो महाराष्ट्रापुरता राहिला नाही. त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये भरली ती आंध्रातील विजयवाड्याला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. तो अंतिम सामना पाहताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा दुसराच सामना उभा होता.

येथेच लहानाचे मोठे झालेल्या मुलामुलींसाठी खेळाचे मर्म दोन शब्दांत सांगतो. दोन खांबांच्या मधल्या पाटीवर आठ गडी बसतात, एकाचे तोंड पूर्वेला तर शेजारच्याचे पश्चिमेला. नववा पाठलाग करतो. पळणारा त्या रांगेतून हवा तसा आरपार जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा धरलेली दिशा खांब गाठल्यावाचून बदलता येत नाही. पळणारा पलीकडे निसटला, की त्या बाजूला तोंड करून बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचे. तो उठून धावतो आणि आपण त्याच्या जागी बसायचे. एकट्याने जिंकता येऊ नये, अशीच या खेळाची रचना आहे.

मी नववीत असताना जिल्हास्तरीय अंतिम सामना होता. बरोबरी साधण्यास आम्हांला एक गुण हवा होता आणि वेळ संपत आली होती. पळणारा माझ्या हाताच्या टापूत आला, आणि क्षणात रांगेतून पलीकडे गेला. माझ्या पुढ्यातच आमचा एक गडी पलीकडे तोंड करून बसला होता. दोन्ही हात जमिनीला टेकलेले, पाठ ताठ, कान माझ्याकडे लागलेले. मी खो दिला असता तर त्याला दोनच पावले टाकायची होती. पण तो गडी माझ्याच हातून बाद व्हावा, ही हाव मला सुटली. मी तसाच खांबाकडे धावलो. खांबाला वळसा घालून पलीकडे येईतो पळणारा पुन्हा अलीकडे आला होता. शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने हरलो.

सर रागावले नाहीत. परतीच्या एस.टी.त ते एवढेच म्हणाले, “अरे, ती पाठ तुझ्यासाठीच होती.” तो गडीही मला कधी काही बोलला नाही, आणि मीही त्याची क्षमा मागितली नाही.

हा धडा मी तेव्हाच शिकलो, असे म्हणालो तर ती आत्मवंचना ठरेल. काही वर्षांपूर्वी सेवेत असताना निवर्तलेल्या एका शिपायाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्याकडे आले. जुनी सेवापुस्तिका सापडत नव्हती. माझ्या हाताखालच्या एका तरुण साहाय्यकाने अशी प्रकरणे पूर्वी हाताळली होती. त्याने दोनदा विचारले, “साहेब, मी पाहू का?” पण हे पुण्यकर्म माझ्याच हातून घडावे, असे मला वाटे. दौरे, बैठका यांत अडीच महिने गेले. अखेर फाइल त्याच्याकडे दिली, तेव्हा आठ दिवसांत काम झाले. त्या बाई पेढे घेऊन माझेच आभार मानायला आल्या. तो पेढा मला गोड लागला नाही. अडीच महिने त्या घरात चूल कशी पेटली असेल, याचा हिशोब कोणत्याही नस्तीत नव्हता.

सरकारी कचेरीत खो-खो चालतो, अशी थट्टा लोक करतात, आणि ती खोटी नाही. परंतु तेथील खो पुष्कळदा काम अंगाबाहेर टाकण्यासाठी असतो. मैदानावरचा खो काम तडीस जावे म्हणून असतो. जबाबदारी झटकणे हा जसा दोष, तसाच ती कवटाळून बसणे हाही दोषच. पहिला दोष जगाला दिसतो. दुसऱ्याला आपण कर्तव्यनिष्ठा हे गोंडस नाव देतो.

हे आज येथे बोलण्याचे एक कारण आहे. गेली सहा वर्षे मी या मंडळाचा कार्यवाह आहे. “तरुण पुढे येत नाहीत” ही तक्रार मी प्रत्येक वार्षिक सभेत केली. परंतु नियम असा, की खो मिळण्यापूर्वी बसलेला गडी उठला तर तो फाऊल. मग तरुणांनी उठावे तरी कसे? गणेशोत्सवाची वर्गणी, दिवाळी पहाट, ग्रंथालयाच्या किल्ल्या, सारे आम्ही चार-पाच जणांनी मुठीत धरून ठेवले, आणि ताठ पाठीने बसलेल्यांकडे पाहिलेच नाही.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी कार्यवाहपद सोडत आहे. मात्र खो दिल्यावर मैदान सोडून जायचे नसते. उठलेल्याच्या जागी बसायचे असते, पुन्हा केव्हाही उठण्याच्या तयारीने. सतरंज्या घालायला आणि पाने वाढायला मला जरूर हाक मारा. मी रांगेतच असेन.