रहिवासी आणि नागरिक

कल्याण स्टेशन सोडून कर्जतच्या वाटेला लागलेली लोकल गाडी पहिल्यानें थांबते ती विठ्ठलवाडीस. स्टेशन लहानसें, नांव वारकऱ्याच्या तोंडीं शोभावें असें. पण फलाटावर उतरणाऱ्यांचें बोलणें कानीं पडलें तर त्यांत मराठीच्या जोडीला सिंधी हटकून ऐकूं यावयाची. कल्याणची वस्ती येथें संपत येते आणि उल्हासनगर सुरू होतें. या भागांत राहणाऱ्या कांहीं कुटुंबांच्या ट्रंकेंत कागदांची एक पिशवी असते. इतर घरांतून दागिने ज्या निगुतीनें ठेवतात त्याच निगुतीनें ती ठेवलेली असते. कारण आंतल्या एखाद्या कागदाची मुदत टळली तर घरांतल्या कर्त्या माणसाचा या देशांत राहण्याचा आधारच डळमळतो. हीं माणसें बोलण्यांत, पेहरावांत, देवधर्मांत शेजारच्या बिऱ्हाडाहून वेगळीं नाहींत. वेगळी आहे ती केवळ त्यांच्या येण्याची तारीख.

हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळच्या माळावर लष्करानें सैनिकांच्या मुक्कामासाठीं बराकी उभारल्या होत्या. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख माणसांची सोय सरकारनें तेथेंच केली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसली आणि त्या कॅम्पाचें उल्हासनगर झालें. पक्कीं घरें झालीं, गिरण्या व कारखाने निघाले, बाजार भरूं लागले. पण तेथील पत्त्यांतून ‘बराक नंबर’ आणि ‘कॅम्प नंबर’ हे शब्द अद्याप गेलेले नाहींत. वाण्याच्या बिलावरही ते आढळतात.

त्या पहिल्या लोंढ्यांतील माणसांपाशीं पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता. ते मागणारें कोणी नव्हतें. कराचीहून बोट निघे, मुंबईच्या धक्क्याला लागे, आणि निर्वासित म्हणून नोंद होई. पुढें भारताची राज्यघटना तयार झाली तेव्हां तिच्या सहाव्या कलमानें या माणसांचा प्रश्न एका वाक्यांत सोडविला. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकीं एकाचा किंवा आजाआजींपैकीं कोणाचा जन्म अखंड हिंदुस्थानांत झालेला आहे, आणि जो १९ जुलै १९४८ पूर्वीं येऊन येथेंच राहिलेला आहे, तो भारताचा नागरिक समजला जाईल. अर्ज नाहीं, शपथ नाहीं, हमी नाहीं. जो त्या तारखेस किंवा तिच्यानंतर आला त्याला मात्र नेमलेल्या अधिकाऱ्याकडे नांव नोंदवावें लागणार होतें. त्यापूर्वीं सहा महिन्यांचा रहिवास हवा होता, आणि अर्जही घटना अमलांत येण्यापूर्वीं, म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आधीं, पोंचावयास हवा होता. १९४९ च्या जुलैनंतर जो आला त्याच्यासाठीं हें दार लागलेंच म्हणावयाचें.

१९ जुलै १९४८ हीच तारीख कां? तर पश्चिम पाकिस्तानांतून येणाऱ्यांसाठीं परवान्याची पद्धत त्या दिवशीं सुरू झाली. कारकुनी दृष्टीनें हें समर्पक खरें. पण माणसें पंचांग पाहून घरदार सोडीत नसतात. एक भाऊ जूनच्या बोटीनें मुंबईस उतरला आणि दुसरा दुकानाची निरवानिरव करून ऑगस्टांत आला, तर एकाच आईचीं लेंकरें घटनेच्या दोन वेगळ्या पोटकलमांत जाऊन पडलीं. १९५२ च्या ऑक्टोबरांत दोन्ही देशांनीं एकमेकांच्या माणसांस पासपोर्ट लागू केला. त्यानंतर सिंधमध्यें मागें राहिलेला हिंदु माणूस विठ्ठलवाडीच्या आपल्या सख्ख्या चुलत्याकडे आला तरी तो कायद्याच्या दृष्टीनें परदेशी पाहुणा ठरूं लागला.

असे पाहुणे येत राहिले, आणि त्यांतले पुष्कळ परत गेले नाहींत. अशा एका कुटुंबाचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. नवराबायको, दोन मुलें आणि म्हातारी आई. नातलगांना भेटण्याचा व्हिसा घेऊन आलेलीं. व्हिशावर कोणकोणत्या शहरांत जावयाचें त्यांचीं नांवें लिहिलेलीं. आल्यावर चोवीस तासांच्या आंत पोलिसांकडे नोंद करावयाची. मुदत संपत आली कीं कर्ता पुरुष दीर्घ मुदतीच्या व्हिशासाठीं अर्ज करतो. भारतीय नागरिकाची हमी लागते; ती चुलता देतो. फोटो, प्रतिज्ञापत्र, घरभाड्याचा करार, वीजबिल असें सर्व जोडावें लागतें. मग चौकशी होते. व्हिसा मिळाला तर तो कांहीं वर्षांचा, हल्लींच्या नियमानें एका वेळीं पांच वर्षांपर्यंतचा. तो सरत आला कीं पुन्हां तीच फेरी.

पूर्वीं हा व्हिसा मिळाला तरी गाडें पुढें सरकत नसे. बँकेंत खातें उघडणें अवघड. गांव सोडून बाहेर जावयाचें तर परवानगी घ्यावी लागे. पुण्यास मामेबहिणीचें लग्न असलें तरी आधीं अर्ज आणि मग आहेर! २०१६ सालीं केंद्र सरकारनें पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगला देश येथून आलेल्या अल्पसंख्य समाजाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाधारकांस कांहीं सवलती दिल्या. बँकेचें खातें, राहण्यापुरतें घर, स्वतःचा धंदा, वाहन चालविण्याचा परवाना, पॅन कार्ड, राहत्या राज्याच्या सीमेंत मोकळेपणानें हिंडण्याची मुभा. आणि या यादींत आधार क्रमांकही होता. लांबून पाहणाऱ्यास ही यादी किरकोळ वाटेल. पण ज्यानें दुसऱ्याच्या नांवावर मोटारसायकल घेतली, दुसऱ्याच्या नांवावर टेलिफोन घेतला आणि दुसऱ्याच्या खात्यांतून मुलांची फी भरली, त्याला आपल्या नांवाचें पहिलें पासबुक हातांत घेतांना काय वाटलें असेल, हें सांगावयास नको.

आधार कार्डाविषयीं येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण या कार्डासंबंधीं सुशिक्षित घरांतही मोठा गैरसमज आहे. २०१६ चा आधार कायदा नागरिक हा शब्द धरून चालत नाहीं. तो रहिवासी हा शब्द धरून चालतो. अर्जापूर्वींच्या बारा महिन्यांत जो १८२ दिवस येथें राहिला तो रहिवासी. म्हणून पुण्यांत शिकणारा परदेशी विद्यार्थी, मुंबईच्या कचेरींत नेमणुकीवर आलेला जपानी इंजिनीयर आणि विठ्ठलवाडीचा हा सिंधी गृहस्थ, तिघेही दहा बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचें चित्र देऊन तें कार्ड मिळवूं शकतात. त्याच कायद्याच्या नवव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. शिवाय नागरिकाचें आधार जन्मभराचें असतें. परदेशी रहिवाशाचें सामान्यतः त्याच्या व्हिशाच्या मुदतीइतकेंच. ज्या पुरुषापाशीं सिंधमध्यें तेरा आंकड्यांचें पाकिस्तानी ओळखपत्र होतें, त्याला येथें बारा आंकड्यांचें आधार मिळालें. तेरा आंकडे म्हणत होते कीं हा आमचा आहे. बारा आंकडे एवढेंच म्हणतात कीं हा येथें राहतो.

राहण्याच्या दाखल्याचा हा इतिहास तसा जुना आहे, आणि हिंदी माणसाला तो सर्वत्र सारखाच भोंवलेला नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत ट्रान्सवाल सरकारनें हिंदी रहिवाशांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणीपत्र बाळगण्याची सक्ती केली तेव्हां गांधीजींच्या नेतृत्वाखालीं १६ ऑगस्ट १९०८ रोजीं जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रें जाळण्यांत आलीं. तेथें तो कागद अपमानाचा होता. विठ्ठलवाडीचा माणूस मात्र दहाही बोटें आपण होऊन यंत्रावर ठेवतो आणि कार्ड घरीं आल्यावर देवापुढें ठेवून मग कपाटांत ठेवतो. बोटें तींच, ठसेही तसेच. फरक इतकाच कीं एकाच्या गळ्यांत तो कागद बांधण्यांत येत होता आणि दुसऱ्याला त्याच्यावांचून दारांत उभें करीत नाहींत.

आणखी एक उदाहरण जवळचें आहे. कोंकणांतल्या ज्या घरांतील पुरुषमाणसें सौदी अरबस्तानांत नोकरीस गेलीं, त्या घरांना ‘इकामा’ हा शब्द नवा नाहीं. इकामा म्हणजे तेथील रहिवासाचें ओळखपत्र. तो मालकाच्या नोकरीशीं बांधलेला. नोकरी सुटली कीं इकामाही सुटण्याची भीति. रत्नागिरीकडचा माणूस तेथें वीस वर्षें राबला तरी इकामा त्याला तेथला करीत नाहीं, आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते. गांवीं घर बांधलेलें असतें, दारांत आंब्याचीं झाडें लावलेलीं असतात; एक दिवस परत जावयाचेंच आहे हें मनाशीं पक्कें असतें. विठ्ठलवाडीच्या माणसापाशीं तेंच नाहीं. त्याला परत जावयाचें नाहीं. म्हणून रहिवासाच्या कार्डावर त्याचें समाधान होत नाहीं, होणें शक्यही नाहीं.

आतां नागरिकत्वाची वाट पाहावी. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें मूळच्या भारतीय माणसानें येथें सात वर्षें राहून नोंदणीसाठीं अर्ज करावा अशी सध्यां तरतूद आहे. पण मूळचा भारतीय कोण? तर जो स्वतः किंवा ज्याच्या आईबापांपैकीं एक अखंड हिंदुस्थानांत जन्मला तो. आजाआजींचें नांव या व्याख्येंत नाहीं. घटनेनें १९४९ मध्यें तीन पिढ्या मोजल्या होत्या. हा कायदा दोनच मोजतो. म्हणून आपल्या चित्रांतील म्हातारी, १९४५ सालीं शिकारपूरला जन्मलेली, मूळची भारतीय. तिचा मुलगा तिच्यामुळें मूळचा भारतीय. आणि सिंधमध्येंच जन्मलेलीं तिचीं नातवंडें मात्र त्या शब्दाच्या बाहेर. अशांना दुसऱ्या कलमानें, अधिक वर्षांच्या वाटेनें जावें लागतें. या सगळ्या काळांत पाकिस्तानचा पासपोर्ट चालू ठेवावा लागे; त्याचें नूतनीकरण दिल्लीस त्या देशाच्या वकिलातींत. जें सोडावयाचें तेंच आधीं पैसे भरून जिवंत ठेवावयाचें, असा हा प्रकार होता.

हा निर्णय केंद्र सरकारच्या हातचा. २०१६ च्या अखेरीस तो अधिकार देशांतील सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांस कांहीं मुदतीपुरता देण्यांत आला आणि त्यांत ठाणें जिल्हा होता, ही गोष्ट उल्हासनगरच्या दृष्टीनें लहान नव्हे. दिल्लीचा रस्ता ठाण्यापुरता आंखूड झाला. पुढें डिसेंबर २०१९ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन त्या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठीं अकरा वर्षांच्या रहिवासाची अट पांच वर्षांवर आली. धर्माचीं नांवें कायद्यांत घालावीं कीं नाहीं यावर देशांत मोठें वादळ उठलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. त्या वादाचा निवाडा कांहींही होवो, नियम ११ मार्च २०२४ रोजीं निघाले, आणि त्यांत एक मौजेची गोष्ट आहे. ठरलेल्या तारखेपूर्वीं आल्याचा पुरावा म्हणून जे कागद चालतात त्यांत शिधापत्रिका आहे, वीजबिल आहे, शाळेचा दाखला आहे, वाहन चालविण्याचा परवाना आहे आणि आधार कार्डही आहे. जें कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असें एक कायदा बजावून सांगतो, तेंच नागरिकत्वाच्या अर्जाला दुसरा कायदा जोडावयास सांगतो. यांत विसंगति नाहीं. तें कार्ड फक्त तारखेची साक्ष देतें. पण सामान्य माणसाला ती बारकाई कोणी समजावून द्यावी?

या पिशवींतील कागदांचें मोल किती, तें एप्रिल २०२५ मध्यें दिसलें. २२ तारखेस पहलगामला प्रवाशांचें हत्याकांड झालें आणि दोनच दिवसांत सरकारनें पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ तारखेपासून रद्द होत असल्याचें जाहीर केलें. हिंदु पाकिस्तानी नागरिकांस दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम आहेत हा खुलासा लगोलग झाला. पण ज्यांचा अर्ज अजून वाटेंतच होता, ज्यांच्या हातांत केवळ पोंचपावती होती, त्यांना त्या खुलाशानें झोंप कशी यावी? त्याच वर्षीं १ सप्टेंबरपासून १९४६ चा परकीयांविषयींचा जुना कायदा जाऊन नवा कायदा आला. कचेऱ्यांचे अर्ज बदलले कीं या घरांतून पुन्हां झेरॉक्सच्या दुकानाकडे खेपा सुरू होतात.

आपल्या चित्रांतील कुटुंबांत येथें आल्यावर एक मुलगी झाली आहे. ती उल्हासनगरांतच जन्मली, जन्माचा दाखला तेथल्या महानगरपालिकेचा आहे, ती मराठी शाळेंत जाते आणि सिंध तिनें नकाशांत पाहिला आहे. परंतु डिसेंबर २००४ पासून अमलांत असलेल्या तरतुदीप्रमाणें आईबापांपैकीं एक तरी भारताचा नागरिक असल्याखेरीज येथें जन्मलेलें मूल जन्मानें नागरिक होत नाहीं. दाखल्यावर जन्मस्थान भारत, आणि राष्ट्रीयत्व पाकिस्तानी. बापाचें प्रमाणपत्र आलें, त्यानें निष्ठेची शपथ घेतली, पेढे वांटले गेले; दुसऱ्या दिवशीं तो त्याच पिशवींतून मुलीचा जन्मदाखला काढून, तिच्या नांवाचा वेगळा अर्ज भरण्यासाठीं विठ्ठलवाडीहून ठाण्याची गाडी पकडतो.