आतड्याचा निरोप



मधुमेह म्हटला की सगळे स्वादुपिंडाचे नाव घेतात. इन्सुलिन तिथेच तयार होते, तेव्हा ते बरोबरच आहे. पण जठरामागे दडलेल्या या ग्रंथीला जेवणाची वर्दी कोण देते? मला आज त्याबद्दल बोलायचे आहे.

१९६४ साली संशोधकांनी निरोगी माणसांना एकदा शिरेतून ग्लुकोज दिले, एकदा पोटातून. शिरेतून दिल्यावर रक्तातली साखर जास्त चढली, तरी इन्सुलिन जास्त पाझरले ते पोटातून दिल्यावर. म्हणजे स्वादुपिंड नुसत्या साखरेवर चालत नाही. आतडे त्याला आधीच निरोप धाडते. हा निरोप नेणारी संप्रेरके दोन, जीआयपी आणि जीएलपी-१. ग्लुकोज प्यायल्यावर निरोगी माणसात जे इन्सुलिन सुटते, त्यातले निम्मे किंवा त्याहूनही अधिक यांच्यामुळे.

टाईप २ मधुमेहात हा निरोप क्षीण होतो. जीआयपीला स्वादुपिंड जवळजवळ दाद देत नाही. जीएलपी-१ पुरेसे मिळाले तर मात्र देते. अडचण अशी की शरीरातले एक विकर जीएलपी-१चा दोनेक मिनिटांतच फडशा पाडते.

इथे मदतीला आला अमेरिकेच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा! त्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना जीएलपी-१सारखाच, पण टिकाऊ पदार्थ सापडला. त्यावरून बेतलेले इंजेक्शन २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. तुमच्यापैकी अनेकांच्या चिठ्ठीवर सिटाग्लिप्टिन किंवा टेनेलिग्लिप्टिन लिहिलेले असेल. या गोळ्या त्या विकरालाच आवरतात.

मला यातले सर्वात मोलाचे वाटते ते हे, की हा निरोप साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन मागतो. म्हणून या गोळ्या एकट्या घेतल्या तर साखर एकदम उतरून घाम फुटण्याचा, हातपाय थरथरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ही किती मोठी सोय आहे!

ताटातही थोडे करता येते. आधी कोशिंबीर, उसळ खावी आणि भात मागून घ्यावा. जेवणानंतरची साखर त्याने कमी चढते.

टाईप १ची गोष्ट मात्र निराळी. तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात; आतड्याने हाक दिली तरी ओ कोण देणार? अशा रुग्णांचे इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा बंद करू नका.